नवमीची शर्यत

आमच्या यॉट क्लबकडे यॉट नाही. पूर्वीही नव्हती. क्लबच्या मालकीची फायबरची एक छोटी शिडाची नाव होती. ती संस्थापकांनी मुंबईहून टेम्पोत घालून आणली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ती कुंडलिकेच्या पुराबरोबर समुद्राकडे निघून गेली. पाटीवरचा यॉट हा शब्द तेवढा राहिला. यंदा क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं आणि वार्षिक शर्यतीचा इतिहास मी लिहावा असं कार्यकारिणीत एकमताने मंजूर झालं. एकमत होण्याचं कारण साधं आहे. शर्यतीचं रजिस्टर पहिल्या वर्षापासून माझ्या कपाटात आहे आणि मी ते कुणाच्या हातात देत नाही.

मी पेणची. रोह्याच्या शाळेत गणित शिकवायला सव्वीस वर्षं एसटीने गेले आणि एसटीने परत आले. मला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं, म्हणून मी तो ठेवत नाही. पण संस्थापकांची मुलगी माझ्या वर्गात होती, आणि पालकसभा दिलेल्या वेळेला सुरू करणारी माणसं त्यांना आयुष्यात फार भेटली नव्हती. ते कंपनीतले अधिकारी, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी माझ्या हातात एक घड्याळ, एक दुर्बीण आणि एक लाल झेंडा दिला आणि सांगितलं की आजपासून तुम्ही वेळ नोंदवणार. मी हो म्हटलं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं.

क्लब पेण आणि रोहे या दोन गावांचा मिळून आहे. शर्यत कुठे घ्यायची यावर पहिल्या सभेत तीन तास वाद झाला. शेवटी एक वर्ष पेणच्या खाडीत आणि एक वर्ष रोह्याच्या खाडीत असं ठरलं. तेव्हापासून पेणकरांना रोह्याचं पाणी उथळ वाटतं आणि रोहेकरांना पेणचं पाणी घाण वाटतं. भाग घेतात ते मात्र खाडीकाठच्या गावातले लोक, ज्यांच्याकडे खरोखरच नावा आहेत. त्यांच्याही नावांना आता इंजिनं बसली. शीड वर्षातून एकदा, शर्यतीपुरतं, माळ्यावरून खाली निघतं.

शर्यतीचे नियम संस्थापकांनी एका इंग्रजी पुस्तकावरून मराठीत केले. एकूण नऊ आहेत. दरवर्षी झेंडा पडण्यापूर्वी मी ते माइकवरून वाचते. त्या वेळी धक्क्यावर काय चाललेलं असतं ते सांगते. शिडं बांधली जात असतात, वडापावची टोपली आलेली असते, आणि लोक वर्षभरात न भेटलेल्या मेहुण्यांना भेटत असतात. ऐकत कुणी नसतं. मला त्याचं काही वाटत नाही, वर्गातही असंच होतं. फक्त एक माणूस ऐकायचा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, रोह्यासमोरच्या अष्टमी गावाच्या खाली खाडीकाठी राहणारा एक नाखवा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी पहिला नियम सुरू केला की तो हातातलं काम थांबवायचा आणि नववा संपला की पुन्हा कामाला लागायचा. नावेत तो एकटाच असायचा, कारण दुसरा माणूस म्हणजे नुसतं वजन, असं त्याचं मत होतं.

त्या नऊतला पाचवा नियम पुढे लागणार आहे, म्हणून इथेच देते. 'निकाल जाहीर होईपर्यंत स्पर्धकाने आपली नाव सोडू नये. सोडल्यास त्याने शर्यत सोडली असे समजण्यात येईल.'

आता पाण्याबद्दल. भरती किती वाजता येणार हे आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरची भरतीची वेळ येते. नवमी असेल तर नऊ पाऊण पावणेसात. खाडीने आत यायला पाण्याला आणखी सुमारे तासभर लागतो, म्हणून रोह्याला पावणेआठ. पाऊणकी पाठ असणाऱ्या माणसाला याला कागद लागत नाही. पेणच्या वर्षी हा हिशोब मी स्वतः करायची आणि आतला तास मिळवायची. रोह्याच्या वर्षी संस्थापक वेळ काढून मला चिठ्ठी द्यायचे.

बारा वर्षांपूर्वी रोह्याला शर्यत होती आणि त्या रविवारी नवमी होती. संस्थापकांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी आली, 'भरती पावणेआठ'. मी त्यात तास मिळवला. पावणेनऊ झाले. तो तास त्यांनी आधीच मिळवलेला होता.

गणिताच्या शिक्षिकेने नऊ पाऊण पावणेसात हे मनातल्या मनात म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. चिठ्ठी होती ना. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर सांगत आले की दुसऱ्याचं उत्तर पुढे नेण्याआधी पडताळून बघा.

भरतीच्या आधी एक तास, म्हणजे पावणेआठला झेंडा पाडायचा असं मी ठरवलं. त्यात प्रमुख पाहुणे वडखळच्या नाक्यावर अडकले. ते आले, त्यांचं भाषण झालं, श्रीफळ झालं, आणि पावणेनऊ वाजत आले. मला त्याचं दुःख नव्हतं. माझ्या हिशोबाने खाडी आता काठोकाठ भरली होती आणि निदान तासभर पाणी हलणार नव्हतं. मी माइक बंद केला तेव्हा नाखवा जवळ आला.

"बाई, पानी उतरतंय."

"आत्ता तर भरती आहे," मी म्हटलं.

"आज नवमी. पावणेसाताचं पानी, तास हितला. पावणेआठलाच भरलं."

"कागदावर पावणेआठ आहे. त्यात तास मिळवायचा."

"तो मिलवलेला हाय."

मी त्याला चिठ्ठी दाखवली. वाचता न येणाऱ्या माणसाला मी चिठ्ठी दाखवली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि धक्क्याच्या पायऱ्यांकडे बोट केलं. पाण्याच्या वरची एक पायरी ओली होती. ती होड्यांच्या लाटांनी भिजली असणार, असं मी सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला. "असंल." आणि जाऊन नावेत बसला.

झेंडा पडला. सहा नावा निघाल्या. खाली पाण्यात एक बांबू रोवून त्याला फडकं बांधलेलं असतं, त्याला वळसा घालून परत यायचं, एवढीच शर्यत. वारा मागून होता, ओहोटीची ओढही मागूनच होती, त्यामुळे सगळ्या नावा बांबूकडे अशा काही गेल्या की मी शेजारच्या प्रमुख पाहुण्यांना आज विक्रम होणार असं सांगितलं. परतताना वारा पडला, पाणी समोरून आलं आणि थोड्या वेळाने नुसतंच निघून गेलं. साडेदहाच्या आत सहाही नावा वळणावरच्या चिखलात बसल्या होत्या. एक तिरकी, बाकीच्या सरळ.

पाच नावांवरची माणसं मांडीभर चिखलातून चालत बांधावर आली आणि तशीच जेवायला आली. जेवण चांगलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी चिखल म्हणजे कोकणची श्रीमंती असं काहीसं सांगितलं आणि ते गेले. सहावा, तो टॉवेलवाला नाखवा, आला नाही. त्याचं घर खालच्या अंगालाच, तो तिकडून घरी गेला असणार, असं कुणीतरी म्हणालं. मी चारची एसटी पकडली. घरी पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे होते. वाटेतली खिंड उतरताना मी मांडीवर रजिस्टर घेऊन लिहिलं, 'शर्यत रद्द. कारण: नैसर्गिक.'

दुसऱ्या वर्षी शर्यत पेणला होती. तरीही तो नाव घेऊन, खाडीने समुद्राला जाऊन दुसऱ्या खाडीने वर आला. दोन दिवस लागले असतील. धक्क्याला नाव लावून माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, गेल्या साली माजा निकाल काय लागला?"

"शर्यत रद्द झाली," मी म्हटलं.

"मी तर आलो व्हतो. पानी चढल्यावर. सांजचं."

"कुणी पाहिलं?"

"मांडववाला व्हता. गालिचा गुंडालत व्हता."

मांडववाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, हो, आला होता की, शीड लावून आला, बाई कुठायत म्हणून विचारत होता, मी म्हटलं बाई चारच्या एसटीने गेल्या. मी त्या नाखव्याला सांगितलं की वेळेची नोंद नसल्यामुळे निकाल देता येत नाही. नऊतला आठवा नियम तसाच आहे. तो नियम त्याला पाठ होता, त्यामुळे तो परत नावेकडे गेला. पण पुढच्या वर्षी त्याने पुन्हा विचारलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. रागाने नाही. रेशनच्या दुकानात साखर आली का विचारावं तसं. मी दरवर्षी तेच उत्तर दिलं आणि तो दरवर्षी त्याच लाकडी नावेतून शर्यतीत उतरला. तोवर बाकीच्यांची शिडं नवी झाली होती आणि तो चौथा, पाचवा यायचा. जिंकला असा एकदाही नाही. मग तीन वर्षांपूर्वी तो यायचा थांबला. गुडघे गेले, असं कळलं. मला तेव्हा बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

तर यंदा मी इतिहास लिहायला बसले. रजिस्टर उघडून एकेक वर्ष उतरवत गेले आणि त्या ओळीपाशी आले. 'कारण: नैसर्गिक.' अक्षर माझंच, एसटीमुळे जरा हललेलं. दोन दिवस मी पुढे काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पेणहून एसटी धरली, रोह्याला उतरले आणि रिक्षाने त्याच्या घरी गेले.

घर सापडायला त्रास झाला नाही, कारण अंगणात नाव होती. अर्ध्याहून जास्त अंगण तिनेच खाल्लं होतं. वर निळी ताडपत्री, खाली लाकडी ओंडके, एका बाजूच्या फळ्या कुजून आतलं दिसत होतं. तिच्या बाजूने अंग चोरून सून बाहेर आली. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी खुर्ची दिली आणि मग तक्रार केली.

"विकत बी नायत, फोडून बी देत नायत. भात वालवायला जागा नाय, गाडी लावायला जागा नाय. काय इचारलं तर म्हनतात निकाल लागायचाय. कसला निकाल, कोन जाने. कोर्टात तर काय चालू नाय आमचं."

पाचवा नियम मी किती वेळा वाचला होता, ते मोजायला मला रजिस्टर लागत नाही. निकाल जाहीर होईपर्यंत स्पर्धकाने आपली नाव सोडू नये. मी खुर्चीवर बसूनच राहिले. सुनेने पाणी आणलं, ते मी प्यायले.

तो आत पलंगावर बसला होता. टॉवेल तसाच. मला पाहून उठायला गेला, मी नको म्हटलं. इकडचं तिकडचं बोलणं मला जमत नाही, म्हणून मी सरळ सांगितलं की त्या दिवशीचा हिशोब माझा चुकला होता. तास दोनदा धरला. शर्यत निसर्गामुळे रद्द झाली नव्हती.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "त्याच दिशी सांगितलं मी तुमाला."

"आणखी एक आहे," मी म्हटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "निघण्यापूर्वी मी दुर्बीण लावली होती. तुम्ही नावेत बसलेले मला दिसला होतात. मग मी दुर्बीण पेटीत ठेवली आणि एसटीला गेले."

ओसरीवर सून भांडी विसळत होती.

"मना बी तुमी दिसलात," तो म्हणाला. "पिवलं लुगडं व्हतं. काच चमकली. मी म्हटलं, बाईंनी बघितलंय. म्हंजे नोंद झाली."

मला फार वाईट वाटलं, एवढंच लिहिते. थोड्या वेळाने मी पिशवीतून वही काढली आणि विचारलं, की धक्क्याला लागलात तेव्हा किती वाजले होते? त्याच्याकडे घड्याळ कधीच नव्हतं. पण त्याने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही.

"पानी वरनं चौथ्या पायरीला लागलं व्हतं. चढतं पानी."

पुढची नवमी आठ दिवसांनी होती. त्या संध्याकाळी मी रोह्याच्या धक्क्यावर जाऊन बसले. चारची एसटी माझ्यासमोरून गेली, मी ती जाऊ दिली. सगळ्या नवमींचं पाणी सारखं चढत नाही, हे मला माहीत आहे. महिना वेगळा, वारा वेगळा, आणि बारा वर्षांत खाडीत गाळही साचला असेल. पण दुसरा मार्ग नव्हता. पाणी पायऱ्या चढत आलं. सातवी, सहावी, पाचवी. घड्याळ हातात धरून पायरीकडे बघत बसलेली म्हातारी बाई पाहून दोघांनी मला काही हरवलंय का म्हणून विचारलं. चौथ्या पायरीला पाणी लागलं तेव्हा सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी वहीत लिहिलं, 'सुमारे नऊ तास चाळीस मिनिटे.' सुमारे हा शब्द त्या रजिस्टरात त्याआधी एकदाही आलेला नाही. एरवी शर्यत दीड तासात संपते.

कार्यकारिणीला हे आवडलं नाही. निकालाच्या फळ्यावर सुमारे कसं लिहायचं, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने विचारलं की मग दुसरा क्रमांक कुणाचा. मी म्हटलं, दुसरा क्रमांक नाही, बाकीचे जेवायला गेले होते. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की स्मरणिकेत क्लबची चूक छापणं बरं दिसणार नाही. मी सांगितलं की चूक क्लबची नाही, माझी आहे, आणि रजिस्टर माझ्या कपाटात आहे. ठराव एकमताने मंजूर झाला.

शर्यतीच्या दिवशी सून त्याला रिक्षाने घेऊन आली. धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. भोवती नेहमीप्रमाणे सगळं चालू होतं. शिडं, वडापाव, मेहुणे. मी माइक घेतला आणि नऊ नियम वाचले. त्याने हात गुडघ्यांवर ठेवून ते ऐकले. मग मी म्हटलं की नावा सोडण्यापूर्वी एक राहिलेला निकाल जाहीर करायचा आहे. बारा वर्षांपूर्वी या धक्क्यावरून झालेली शर्यत रद्द झाली नव्हती. वेळ नोंदवणारीने भरतीचा हिशोब चुकवला, आणि एक स्पर्धक दिसत असताना ती निघून गेली. त्या शर्यतीत एकच नाव पूर्ण अंतर कापून आली. वेळ, सुमारे नऊ तास चाळीस मिनिटे. मग मी त्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कुणी ऐकत नव्हतं. कुणीतरी मिरच्या संपल्या म्हणून ओरडत होतं. मी माइक बंद करून त्याच्यापाशी गेले.

"झाला जाहीर?" त्याने विचारलं.

"झाला."

"रजिस्टरात बी?"

मी रजिस्टर उघडून ती ओळ दाखवली. त्याला वाचता येत नाही हे या वेळी माझ्या ध्यानात होतं, म्हणून ओळीखाली बोट धरून मी ती वाचली. त्याने ती माझ्या बोटाबरोबर शेवटपर्यंत पाहिली. मग डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला आणि सुनेकडे वळला.

"चल गो. आता ती नाव फोडा. मी सोडली."

इतकी वर्षं सुनेने हेच मागितलं होतं, पण तिने लगेच त्याला उठवलं नाही. तिघंही थोडा वेळ खाडीकडे बघत होतो. पाणी अजून चढत होतं, या वेळी हिशोब मी तीनदा केला होता.

यंदाचा झेंडा दोन मिनिटं उशिरा पडला. रजिस्टरात तशी नोंद आहे. कारणाच्या रकान्यात या वेळी खरं लिहिलं, 'वेळ नोंदवणारीचे डोळे भरल्याने घड्याळ दिसले नाही.'